मीरा रोडचे आरसे

२०२० च्या ऑक्टोबरात, टाळेबंदी हळूहळू सैल होत होती त्या दिवसांत, मीरा रोडच्या नया नगर पोलीस ठाण्यात एका तरुणीने नवऱ्याविरुद्ध फसवणुकीची फिर्याद दिली. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तिचे छळाचे इतरही आरोप होते, पण वर्तमानपत्रांनी मथळ्यात घेतली ती एकच गोष्ट : नवऱ्याला टक्कल आहे, तो टोप घालतो, आणि लग्न ठरताना हे लपवलं गेलं. ती बातमी दोन-तीन दिवस देशभर फिरली. माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी ती मला पाठवली, कारण मी मीरा रोडला राहतो आणि माझ्याही डोक्यावर केस नाहीत. पाठवणाऱ्यांनी सोबत हसरे चेहरे जोडले होते. मला हसू आलं नाही. त्या मुलीचं दुःख खरं असणार आणि त्या मुलाची भीतीही खरी असणार, एवढंच डोक्यात येत राहिलं.

ती भीती मला ठाऊक आहे. ती कुठून आली आणि तिच्यावर या गावात काय काय उपाय निघाले, हे सांगायचं तर पस्तीस-चाळीस वर्षं मागे जावं लागतं.

मीरा-भाईंदर नगरपरिषद १२ जून १९८५ रोजी स्थापन झाली. त्याआधी इथे भाईंदरची मिठागरं होती, उत्तन आणि चौकचे कोळीवाडे होते, नवघर, घोडबंदर, काशी, मिरे अशी शेतीवाडीची गावं होती आणि भाईंदरला स्टीलच्या भांड्यांचे गाळे होते. मुंबईत खोली घेणं हाताबाहेर गेलं तशी माणसं दहिसरच्या पलीकडे सरकली. १९९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेदोन लाख होती, २००१ मध्ये पाच लाख वीस हजार, २०११ मध्ये आठ लाख नऊ हजार. आम्ही पहिल्या आकड्यातले. १९९० च्या दिवाळीत वडिलांनी फंडाचे पैसे घालून स्टेशनपासून वीस मिनिटांवर वन रूम किचन घेतलं. रस्त्याला दिवे नव्हते. पाणी टँकरचं, नाहीतर बोअरचं.

त्याच वर्षी माझे केस गळायला लागले. मी तेवीस वर्षांचा होतो. आख्ख्या बिल्डिंगचं एकमत होतं की हे बोअरच्या पाण्यामुळे झालं. आजही मीरा रोडला नवीन राहायला आलेल्या माणसाला हे कारण पहिल्या आठवड्यात ऐकायला मिळतं. खाऱ्या, जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, हे खरं. पण कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकत जाणारं आणि टाळूवर गोल पडणारं पुरुषी टक्कल पाण्याने येत नाही. ते रक्तातून येतं. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात तयार होणाऱ्या एका संप्रेरकाला काहींच्या केसांची मुळं जास्त संवेदनशील असतात. ती दर वेळी थोडा बारीक केस उगवतात, शेवटी लव उरते. आईकडच्या आजोबांवर सगळं खापर फोडायची पद्धत आहे. तेही अर्धंच खरं आहे, वडिलांच्या बाजूचाही हात त्यात असतो. मला हे कोणी सांगितलं नाही. आईने माक्याचं तेल उकळलं, जास्वंद वाटली, कांद्याचा रस लावला. मी डाव्या कानावरचे केस वाढवून उजवीकडे नेऊ लागलो. लोकलच्या दाराशी उभं राहणं सोडलं, कारण वाऱ्याने ते उडायचे.

आपल्याकडे टकल्या माणसाबद्दल दोन जुने समज आहेत आणि दोन्ही मला नातेवाइकांनी ऐकवले. एक म्हणजे टक्कल असलेला माणूस सहसा निर्धन नसतो, या अर्थाचं संस्कृत वचन. दुसरी गोष्ट भर्तृहरीच्या नीतिशतकातली. उन्हाने डोकं तापलेला टकला सावलीसाठी झाडाखाली जातो आणि नेमकं मोठं फळ त्याच्या माथ्यावर पडून डोकं फुटतं. एकात तो भाग्यवान, दुसऱ्यात करंटा. लग्नाच्या बाजारात १९९३ साली पहिलं वचन चाललं. मध्यस्थ बाई पुढच्याला सांगायच्या, "मुलाचे केस जरा कमी आहेत, पण मीरा रोडला स्वतःचा ब्लॉक आहे." हा 'पण' फार ताकदीचा होता. त्या 'पण'मुळे माझ्या टकलाचा प्रश्न एका वाक्यात संपला.

मुलीचा प्रश्न एका वाक्यात संपत नव्हता. उंची, रंग, चष्मा, चाल. पोहे झाल्यावर माझ्या मावशीने मुलीच्या वेणीवरून मायेने हात फिरवला आणि म्हणाली, "केस छान आहेत हो." ती माया नव्हती. गंगावन लावलंय का, हे ती चाचपून बघत होती. गंगावन म्हणजे खोट्या केसांचा शेपटा. वेणीत गुंफला की विरळ केसही जाड दिसतात. कितीतरी मुलींनी तो दाखवायच्या दिवशी लावला असेल आणि कितीतरी मावशांनी तो पकडला असेल. कोणी फसवणुकीची फिर्याद केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. लग्न मोडायचं, किंवा मग तो शेपटा मुलीला जन्मभर ऐकवला जायचा. ज्या मुलीच्या वेणीला मावशीने हात लावला ती माझी बायको झाली. तिच्या घरून माझ्या डोक्याबद्दल एक अक्षर निघालं नाही.

शंभर वर्षं आणखी मागे गेलं तर याच महाराष्ट्रात विधवेचं डोकं भादरत. का? तर तिच्याकडे पुरुषाची नजर जाऊ नये म्हणून. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० च्या सुमारास मुंबईतल्या नाभिकांना संघटित करून केशवपनाला नकार द्यायला लावला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला, ही आपल्या इतिहासातली मला सगळ्यात थोर वाटणारी गोष्ट आहे. बाईने कसं दिसावं आणि कसं दिसू नये, हे पुरुषाच्या नजरेच्या सोयीने ठरवण्याची आपली सवय किती जुनी आहे, ते त्यावरून कळतं.

याच सवयीवर आमच्या गावात एक धंदा उभा राहिला. मुंबईतल्या परवानाधारक डान्स बारची संख्या १९८५-८६ मध्ये अवघी २४ होती, दहा वर्षांत ती २१० झाली. बिनपरवाना चालणारे वेगळे. दहिसरचा चेकनाका ओलांडला की मुंबई पोलिसांची हद्द संपायची आणि ठाणे ग्रामीणची सुरू व्हायची. महामार्ग काशिमीऱ्यातून जातो, गुजरातकडे जाणारे-येणारे व्यापारी त्याच रस्त्याने, जागा स्वस्त, इमारती नव्या. बार इथे येणारच होते. त्यांत नाचणाऱ्या मुली इथेच भाड्याने राहायच्या, कारण मुंबईत त्यांना खोली मिळत नव्हती. सोनिया फलेरो यांचं 'ब्यूटिफुल थिंग' हे २०१० साली आलेलं पुस्तक मीरा रोडच्या अशाच एका मुलीवर आहे. परगावचे लोक या गावाबद्दल बोलताना पहिल्यांदा बार आठवतात, याचा आम्हाला राग यायचा. त्या मुलीही आमच्याच गावात राहतात, हे मात्र आम्ही धरत नव्हतो.

१९९९ मध्ये ऑफिसातल्या एकाला बढती मिळाली आणि तो आम्हा चौघांना काशिमीऱ्याच्या एका बारमध्ये घेऊन गेला. मी एकदाच गेलो. आत गारठा आणि अंधार, मधोमध उजेडाचा चौकोन. नाचणाऱ्या मुली पायघोळ घागरा-चोळीत होत्या, जरी आणि टिकल्यांनी जड झालेल्या. सिनेमात याहून कितीतरी कमी कपडे असतात, हे मला तिथेच जाणवलं. स्टुअर्ड शंभराच्या नोटा घेऊन दहाच्या गड्ड्या आणून देत होता. शेजारच्या टेबलावर पन्नाशीचा एक माणूस होता, माझ्यासारखाच तुळतुळीत, हातात अंगठ्या. तो एकेक नोट बोटाने उडवत होता. तमाशात ज्याला दौलतजादा म्हणतात तेच हे, फक्त इथे बोर्डाऐवजी लादी होती आणि ढोलकीऐवजी टेप. एक मुलगी सगळा वेळ त्याच्याकडे तोंड करून नाचत होती.

चारही भिंतींना आरसे होते. समोरच्या आरशात मागचा आरसा दिसत होता आणि त्यात एका माणसाची टाळू, मधोमध उघडी, कडेने ओढून आणलेले केस विस्कटलेले. ती माझी टाळू होती. मागून मी कसा दिसतो ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. घाईने हात वर गेला. मग लक्षात आलं की इथे कोणी बघतच नाहीये. मुलींची नजर माझ्यावरून जात होती तेव्हा ती हातातल्या नोटेवर थांबायची, कपाळावर नाही. मला बरं वाटलं. आठ-नऊ वर्षांत पहिल्यांदा एखाद्या खोलीत माझं डोकं कोणी मापत नव्हतं, आणि त्या बरं वाटण्यासाठीच माणसं पुन्हा पुन्हा तिथे येत असणार.

पण मापणं थांबलेलं नव्हतं. ते सगळंच्या सगळं त्या मुलींवर चाललं होतं. कोणाचा रंग, कोणाची कंबर, कोण नवीन. दर गाण्याला कोणीतरी निवडलं जात होतं आणि कोणीतरी मागे पडत होतं. पंचविशी ओलांडलेल्या दोघी-तिघी मागच्या रांगेत, आरशाला टेकून, हलल्यासारखं करत होत्या. बहुतेक ठिकाणी त्यांना पगार नसे. अंगावर उडालेल्या पैशांतून मालकाचा हिस्सा वजा होऊन उरेल ती कमाई. पुरुषाला तिथे जी सुटका मिळत होती तिची किंमत नोटांत मोजली जात नव्हती. त्याच्यावरचं माप उतरून तिच्यावर चढत होतं. हे मला त्या रात्री समजलं असं मी म्हणणार नाही. त्या रात्री मी घरी येऊन अंघोळ करून झोपलो. समजायला पुढची पंधरा वर्षं लागली.

हा धंदा आपल्याकडचाच आहे असंही नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी १९८३ साली 'हूटर्स' नावाचं रेस्टॉरंट निघालं. तिथे जेवण वाढणाऱ्या मुलींचा गणवेश म्हणजे अपुरी नारिंगी चड्डी आणि अंगाला चिकटलेली बनियन. पुरुषांना वेटर म्हणून घेत नाहीत म्हणून तिथे खटला झाला. १९९७ मध्ये कंपनीने साडेसदतीस लाख डॉलर देऊन तडजोड केली, पण वाढायला मुलीच ठेवायची मुभा मिळवली. म्हणजे काय विकलं जातंय हे कंपनीने कागदावर मान्य केलं. ती साखळी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. आमच्याकडे सगळं उलटं : कपडे अंगभर आणि कागद मात्र एकही नाही. नेमणूकपत्र नाही, हजेरी नाही, फंड नाही. पोलिसांचा छापा पडला तरच त्या मुलीचं नाव कुठेतरी लिहिलं जायचं.

३० मार्च २००५ रोजी उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटील यांनी विधानसभेत डान्स बार बंद करण्याची घोषणा केली. आबांच्या हेतूबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. गावाकडची तरुण पोरं जमिनी विकून या लादीवर पैसे उडवत होती, हे त्यांनी पाहिलं होतं. २१ जुलैला विधेयक एकमताने मंजूर झालं. पाचच दिवसांनी २६ जुलैचा पाऊस पडला. १५ ऑगस्टपासून बंदी लागू झाली. कायद्याचं एक कलम मात्र तेव्हाच खटकलं होतं : तारांकित हॉटेलांना, म्हणजे तीन तारे आणि त्याहून वरच्यांना, आणि क्लबांना सूट. तोच नाच महागड्या गालिच्यावर झाला तर तो संस्कृतीला धोका नव्हता.

बंदीने किती बायकांचं काम गेलं? संघटनांनी सांगितलेला आकडा पंचाहत्तर हजारांचा होता. वर्षा काळे यांच्या भारतीय बारगर्ल्स युनियनने आणि फ्लेविया अॅग्नेस यांच्या 'मजलिस'ने न्यायालयात त्यांची बाजू लावून धरली. एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास संशोधन केंद्राने 'फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन'सोबत याच बायकांशी प्रत्यक्ष बोलून पाहणी केली. बेडिया, नट, कंजर अशा, पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या समाजांतल्या कितीतरी जणी त्यांत होत्या. बंगालमधून, उत्तर प्रदेशातून आलेल्या होत्या. घरी पैसे पाठवणाऱ्या, भावंडांना शिकवणाऱ्या होत्या. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रिबेलो आणि न्यायमूर्ती रोशन दळवी यांनी बंदी रद्द केली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सात वर्षांनी, १६ जुलै २०१३ रोजी, तिथेही निकाल तोच लागला. २०१४ मध्ये तारांकित हॉटेलांचीही सूट काढून विधिमंडळाने पुन्हा बंदी आणली. २०१५ च्या ऑक्टोबरात तिला स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये नवा कायदा आला. अकरा वर्षं हेच चाललं होतं. तेवढ्या काळात बारमध्ये नाचणारी वीस वर्षांची मुलगी एकतीस वर्षांची झाली होती आणि त्या धंद्यात एकतिसाव्या वर्षी तिला कोणी घेणार नव्हतं.

निकाल दिल्ली-मुंबईत लागत होते तेव्हा काशिमीऱ्यात काय चाललं होतं, ते आम्ही रोज रिक्षातून बघत होतो. डान्स बारच्या पाट्या उतरल्या, ऑर्केस्ट्रा बारच्या लागल्या. ऑर्केस्ट्रात फक्त आठ कलाकार, चार बाया आणि चार पुरुष, अशी अट परवान्यात होती. हातात माईक घेऊन उभ्या असलेल्या बहुतेक मुली गात नसत. गाणारी एखादी असायची, बाकीच्या उभ्या राहायच्या. आधी निदान नाच तरी होता, अंगात कसब लागायचं, रियाज लागायचा. आता नुसतं नटून दिसणं उरलं. काही जणी 'लेडीज सर्व्हिस'मध्ये गेल्या, टेबलावर दारू वाढायला. बंदीने मुलींच्या हातातून कला काढून घेतली आणि नजर तशीच ठेवली, हा माझा त्या कायद्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे.

आणि आरसे. ज्या आरशात मी माझी टाळू पाहिली, तसल्या आरशांमागे पोकळ्या तयार झाल्या. छापा पडला की जादा मुलींना आत कोंबायचं, वरून आरसा सरकवायचा. मीरा रोड-काशिमीऱ्यातल्या अशा छुप्या खोल्यांच्या बातम्या दर वर्षी येत. डिसेंबर २०२१ मध्ये अंधेरीच्या एका बारमध्ये पोलिसांनी मेकअप रूममधला मोठा आरसा हातोड्याने फोडला, तेव्हा मागच्या तळघरातून सतरा मुली बाहेर आल्या. पंधरा तास शोध चालला होता. त्या आत एकमेकींना चिकटून बसलेल्या होत्या. पोलिसांच्या धाडी चुकीच्या होत्या असं मी म्हणत नाही. पण ती बातमी वाचताना मला एकच विचारावंसं वाटलं : बाहेर टेबलांवर बसलेल्यांपैकी कोणाला भिंतीत लपावं लागलं का?

१७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सिक्री आणि न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या खंडपीठाने २०१६ च्या कायद्यातल्या बऱ्याच अटी काढून टाकल्या. देवळा-शाळेपासून एक किलोमीटरचं अंतर, सीसीटीव्हीची सक्ती, या गेल्या. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ राहिली. टीप देता येईल, पण नोटा उधळता येणार नाहीत. म्हणजे दौलतजादा बंद. मला हा भाग योग्य वाटतो. उडवलेली नोट उचलायला वाकावं लागतं आणि टीप हातात दिली जाते, एवढा फरक माणसाच्या मानेसाठी पुरेसा आहे. लेखी करार हवा आणि पैसे बँक खात्यात जमा व्हावेत, ही अटही न्यायालयाने ठेवली. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी ऑर्केस्ट्रातली चार-चारची अटही सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. बाया किती असाव्यात हे ठरवणं म्हणजे त्यांचं रक्षण नव्हे, असा त्या निकालाचा रोख होता.

त्या २०१९ सालात दुसऱ्या बाजूलाही बरंच घडत होतं. नोव्हेंबरात आठवड्याच्या अंतराने 'उजडा चमन' आणि 'बाला' हे दोन हिंदी सिनेमे आले, दोन्हींचे नायक टकले. माझ्या लहानपणी पडद्यावर टक्कल म्हणजे खलनायक, 'शान'मधला शाकाल. आता टकल्याचं दुःख नायकाला मिळालं, हे मला मनापासून आवडलं. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुंबईतला एक त्रेचाळीस वर्षांचा माणूस एका बैठकीत हजारो केसांचं रोपण करून घेतल्यावर दोन दिवसांत दगावला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला केशरोपणासाठी नियम घालून द्यावे लागले, कारण नुसत्या व्हिडिओवर शिकलेले लोकही सुरी हातात घेत होते. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. ते १९८८ मध्ये अमेरिकेत केसांसाठी मान्य झालं. फिनास्टेराइडची गोळी १९९७ ची. माझ्या वेळेला ही दोन्ही हाताशी असती तर मी घेतली असती. आज आमच्या स्टेशनरोडला तीन बिल्डिंगा सोडून एक केसांचं क्लिनिक आहे. खिडकीत दोन फोटो : आधी, नंतर. आत बसलेली मुलं तेवीस-चोवीसची. मी त्यांच्याकडे बघतो तेव्हा मला दाराशी उभं न राहणारा मी दिसतो.

त्यांच्यावर हे माप आलं कारण मुली आता विचारू लागल्या. कमावतात, फोटो मागतात, नकार देतात. १९९३ मध्ये मध्यस्थ बाईंचा 'पण' जे झाकत होता, ते आता झाकलं जात नाही. नया नगरच्या त्या फिर्यादीकडे मी असं बघतो. माझ्या मावशीने वेणी चाचपली त्या बाजूला जे पिढ्यान्‌पिढ्या होतं, त्याचा छोटासा वाटा आता मुलांच्या बाजूला आलाय. त्यांना तो जड जातोय हे मला दिसतं. ते टोप घालतात, पॅच लावतात, लपवतात. लपवणं चूक आहे. त्या मुलीला लग्नाआधी सांगायला हवं होतं. पण मुलांनो, एवढं नक्की सांगतो : सांगितल्यावर जी थांबते तिच्यासोबत पहिल्या दिवसापासून उघड्या डोक्याने घरात वावरता येतं. मी तसाच वावरलो, आणि ते श्रेय माझ्या बायकोचं आहे.

आता बारचं शेवटचं.

२००५ साली आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर दोन मुली भाड्याने राहायच्या. संध्याकाळी सहाला रिक्षा यायची, पहाटे सोडायची. दोघी कोणाशी बोलत नसत, कारण कोणी त्यांच्याशी बोलत नसे. २६ जुलैच्या रात्री तळमजल्यात कमरेएवढं पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरची दोन कुटुंबं, त्यातली एक बाळंतीण, त्यांच्याच खोलीत रात्रभर होती. त्यांनी खिचडी केली, कोरडे कपडे दिले. भरजरी घागऱ्यांच्या बोचक्यावर बाळाला निजवलं होतं, असं त्या बाळंतिणीने नंतर सांगितलं.

१५ ऑगस्टला बार बंद झाले. सप्टेंबरमध्ये सोसायटीची सभा झाली. मुली आता दिवसभर घरीच असतात, कोण येतं-जातं माहीत नाही, आपल्या बिल्डिंगचं नाव खराब होतं, असं तिघे-चौघे बोलले. तळमजल्यावरचे दोघेही सभेला होते, ते गप्प बसले. मीही गप्प बसलो. महिनाअखेर दोघी सामान टेम्पोत घालून गेल्या. कुठे गेल्या ते कोणी विचारलं नाही.

मागच्या वर्षी बिल्डिंग पुनर्विकासाला काढायची म्हणून कमिटीने जुनी दप्तरं खाली आणली. २००५ चं इतिवृत्ताचं रजिस्टर वाळवी लागूनही शाबूत आहे. बारमध्ये काम करणाऱ्या व्यक्तींना या इमारतीत जागा भाड्याने देऊ नये, असा ठराव त्यात निळ्या शाईत लिहिलेला आहे, एकमताने मंजूर. खाली अकरा सह्या आहेत. चौथी माझी आहे.